सुजाता, फ्रीजरमधल्या बाटल्या अजून तिथंच आहेत

सुजाता, तुझ्या फोटोला हार घातला तेव्हा मी पहिल्यांदाच तुझ्यासमोर गप्प उभी राहिले. बरं नाही वाटलं. तू फोटोतही तशीच बघायलीस, आता ही बया काय बोलती ते ऐकू, अशी. तर ऐक. लय साचलंय, आणि ज्यांना ऐकवायचं ते सगळे तुझ्या शोकसभेत पुढच्या रांगेत बसले होते.

कसली शोकसभा, चहा-बिस्किटांचा कार्यक्रम. मोठे सर, म्हणजे आपले विभागप्रमुख, उभे राहून म्हणाले, "सुजाताबाई अतिशय शांत, सोशिक आणि मनमिळाऊ होत्या." मी इकडंतिकडं पाहिलं. म्हटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आलो काय. शांत? तू? सशांसाठी वाळका लसूणघास आणला म्हणून घासवाल्याला सायकलसकट फाटकाबाहेर काढणारी बाई शांत? सोशिक म्हणाले तेव्हा मी खुर्ची जोरात सरकवली. मुद्दाम. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. बघू देत.

मग चहा पिता पिता सरांनी मला बाजूला घेतलं. "शकुंतलाबाई, त्या सशाच्या सीरमच्या बाटल्या आता काढून टाका. लसी यायच्यात, फ्रीजरमध्ये जागा लागेल. तसंही ते काही वापरण्यासारखं नाही." तुझा फोटो तिथंच टेबलावर. माझ्या हातात गरम कप होता म्हणून बरं. मी म्हटलं, "बघते, सर." मनात म्हटलं, बघतेच.

ही काय भानगड आहे ते वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे. तू मधे बोलू नकोस. काही चुकलं तर नंतर सांग. म्हणजे, आता नाही सांगता येणार. राहू दे.

आपल्याकडच्या बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो. कामाचा, खाऊनपिऊन चांगला असलेला बैल एक दिवस डोकं एका अंगाला पाडून चालायला लागतो. दावणीच्या खुंट्याला शिंग घासतो. त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. शेतकऱ्याला वाटतं कुठं मार लागला असंल, तो हळद भरतो. पुढं शिंग बुडातून हलायला लागतं, लोंबतं, आणि तेव्हा कुठं बैल कॉलेजच्या दवाखान्यात येतो. काही बैल शिंग कापून वाचतात. काहींची गाठ तोवर कवटीत उतरलेली असते. शिंग लोंबायच्या आधी रोग ओळखता आला पाहिजे, एवढंच तुझं म्हणणं होतं. पशुवैद्यकाच्या कॉलेजात असं म्हणणं काही गुन्हा नाही.

या गाठीत एक एन्झाइम बेसुमार वाढतं. आजूबाजूचं मांस कुरतडून गाठीला वाट करून द्यायची, हे त्याचं काम. तू गाठीतून ते वेगळं काढलंस आणि सशाला थोडं थोडं टोचत गेलीस. सशाच्या अंगाला ते परकं, म्हणून त्याच्या रक्तात त्या एन्झाइमला नेमकं ओळखून धरणारी प्रतिपिंडं तयार झाली. कानाच्या शिरेतून ते रक्त काढायचं, साकळू द्यायचं, वरचं पिवळसर पाणी उचलायचं. ते सीरम. मग जेलीसारख्या आगरच्या ताटलीत दोन भोकं पाडायची, एकात सीरम, दुसऱ्यात शिंगाच्या तुकड्याचा अर्क. दोन्ही एकमेकांकडं पाझरत येतात, आणि अर्कात एन्झाइम असलं तर सकाळपर्यंत मधे एक पांढरी रेघ उमटते. केसाएवढी. त्या केसाएवढ्या रेघेसाठी तू डोक्यावरचे केस पांढरे करून घेतलेस.

आणि हे सगळं कुठं? परभणीत. मे महिन्यात, पत्र्याच्या प्राणिगृहात. वीज गेली की ससे धापा टाकत पडायचे. आपण दोघी गोणपाटं भिजवून पिंजऱ्यांवर टाकायचो. बर्फाच्या कारखान्यातून सायकलच्या कॅरिअरवर लादी आणायचो, पोचेपर्यंत ती अर्धी आणि आपण पूर्ण भिजलेल्या. तरी ससे मेले. जे टिकले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या रक्तात काही उतरलंच नाही. एकानंच आपलं ऐकलं, तो करडा, कानफाटका, चावरा. तू त्याला नंबरानं बोलवायचीस, मी फौजदार म्हणायची. "जनावराला नाव दिलं की सुई लावताना हात कापतो," म्हणून तू माझ्यावर ओरडायचीस, आणि मग तूच घरून त्याच्यासाठी गाजरं आणायचीस. तो फौजदारही मागच्या उन्हाळ्यात गेला. म्हणून त्या बाटल्यांत जे आहे ते परत मिळायचं नाही. दुसऱ्या सशाचं सीरम दुसरं. हे ओतून दिलं की संपलं. सरांना हे माहीत आहे, त्याचाच मला राग आहे.

आता तो दुसऱ्या शिंगाचा घोळ. हा घोळ आपल्याकडंच होऊ शकतो. पहिल्यांदा झाला तो माझ्याच काकांच्या बैलावरून. काका आमच्या गावाहून, वालूरहून, बैल घेऊन आले होते. डॉक्टरांनी आजारी शिंग कापलं, मलमपट्टी केली, तर काका अडून बसले.

"दुसरं बी कापा."

"अहो, ते चांगलं आहे."

"चांगलं असू द्या. पोळ्याला एकशिंग्या बैल मिरवू का मी? गाव हसंल. भुंडा तर भुंडा, पन दोन्हीकडून सारखा पायजे."

काकाच काय, बहुतेक सगळे तसंच म्हणायचे. डॉक्टर कापून द्यायचे, आणि ते दुसरं शिंग आपल्याकडं आयतं यायचं. आजारी नाही म्हणजे निरोगी, असं धरून आपण सगळे मोकळे. ताटलीत निरोगी म्हणून तेच लावायचो. आणि तुझी रेघ त्या निरोगी शिंगातही उमटायला लागली. सगळ्यांत नाही, पण बऱ्याच. फिकट, पण रेघच.

सर म्हणाले, "सीरम खराब आहे. कशालाही धरतंय."

तू म्हणालीस, "सीरम खराब नाही, सर. ते शिंग चांगलं कशावरून? आजारी बैलाचंच ना ते? त्यातही सुरुवात झालेली असंल. आपल्याला दिसत नाही, याला दिसतंय."

मी म्हटलं, "किंवा एका शिंगातलं एन्झाइम रक्तातून दुसऱ्यात गेलं असंल. तू एकदम शोध लागला म्हणून कामून नाचायलीस?"

"तू माझ्या बाजूची हायस का सरांच्या?"

"मी ताटलीच्या बाजूची."

त्या दिवशी तू माझ्या डब्यातला ठेचा खाल्ला नाहीस. तुझा राग मोजायचं ते एक माप होतं माझ्याकडं.

तोड काय, हे तिघांनाही माहीत होतं. ज्या बैलाला हा रोग कधी झालाच नाही, जो म्हातारपणानं नाहीतर साप चावून मेला, त्याचं शिंग लावायचं. तिथं रेघ आली तर सीरम खराब. नाही आली तर चोख. कॉलेजच्या मागं शेड आहे, मेलेली जनावरं तिथं येतात, चिरफाड होते. तिथली माणसं म्हणाली, शिंग आमच्या कामात बसत नाही. खरंच ते काम वंगाळ. करवतीनं बुडातून कापायचं, फोडायचं, आतला गाभा सोडवायचा. तू सरांकडं गेलीस, म्हणालीस माणूस द्या. आणि सर हसत हसत, सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हीच घेऊन या की, सुजाताबाई. तुमच्या लोकांना त्यात काय नवीन आहे?"

मी तिथंच होते. तू हात धूत होतीस. नळ बंद केलास. टॉवेलनं एकेक बोट पुसलंस. मला वाटलं आता ही रडती नाहीतर मारती.

"जाऊ की, सर," तू म्हणालीस. "विभागाचं काम आहे, आळीपाळीनं जाऊ. फळ्यावर पाळी लावा. पहिली तुमची. माझ्या वाटचं माझ्या आज्यानं कधीच करून ठेवलंय."

सरांचा चेहरा उतरला. मग ते चिडले. "इथं लॅबमध्ये नामांतर आणू नका," म्हणाले. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव मोर्चे निघत होते, बंद पाळले जात होते, आणि कुणी काहीही हक्काचं बोललं की त्याला नामांतर म्हणायची पद्धत पडली होती. ताटली, शिंग, करवत, यात नामांतर कुठून आलं ते सरांनाच ठाऊक.

आज्याची गोष्ट तू मला एकदाच सांगितली होतीस. तुझ्या गावाकडची, चुडाव्याची पॅसेंजर लेट होती, आपण परभणीच्या फलाटावर शेंगा फोडत बसलो होतो. छप्पन साली बौद्ध झाल्यावर तुझ्या आज्यानं मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. गावानं गिरणी बंद केली, दुकान बंद केलं, शेतावरचं काम बंद केलं. "आजा उपाशी राहिला, पण दोरीला हात लावला नाही," एवढंच म्हणालीस आणि टरफलं झटकून उठलीस. गाडी आली होती. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तुझ्या मामाचं घर जाळलं तेही मला तुझ्याकडून नाही, तुझ्या आईकडून कळलं.

सरांनी पाळी लावली नाही. शिंगं आली नाहीत. बाटल्या फ्रीजरमध्ये पडून राहिल्या, आणि सीरम खराब आहे ही बातमी मात्र विभागभर झाली.

इथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायची, "चल, आपण दोघी जाऊ, कापू, ताटली लावू. सर गेले खड्ड्यात." तू म्हणायचीस, "एकदा मी करवत धरली ना शकू, की ती माझ्याच हातात राहील. कायमची. तुला नाही कळायचं." मी म्हटलं, मग मी एकटी जाते. त्यावर तर तू जास्तच भडकलीस. "तू गेलीस तर म्हणतील, वालूरच्या बाईसाहेब किती मोठ्या मनाच्या. मला तुझं मोठं मन नको. ज्यांचं काम त्यांनी करावं."

"आणि तोवर बैल मरू देत?"

"बैल माझ्यामुळं मरायलेत का?"

बोल आता यावर काय बोलायचं. तुझं खरं होतं. माझंही खरं होतं. दोघींचं खरं असलं की भांडण संपत नाही, ते रोज डब्याबरोबर उघडावं लागतं. आपण उघडायचो.

बंदचा तो दिवस आठवतो? अख्खी परभणी शटर पाडून बसलेली, तू आदल्या दिवसापासून माझ्या खोलीवर अडकलेली, आणि ससे उपाशी. "सशांना कुणी सांगितलं का आज बंद आहे म्हणून?" असं म्हणून तू चपला घातल्यास. आपण डोक्यावर पदर घेऊन, हातात पिशव्या, मोकळ्या रस्त्यानं निघालो. चौकात पोलिसानं अडवलं, पिशवीत काय आहे म्हणाला. तू पिशवी उघडून दाखवलीस. कोबीचा पाला. "कुणासाठी?" "फौजदारासाठी," तू म्हणालीस, इतक्या गंभीरपणे की त्यानं सलामच ठोकला. कोपरा वळेपर्यंत आपण दम धरला आणि मग भिंतीला टेकून हसलो. बंदात, भर उन्हात, दोन शहाण्या बायका. तेवढं हसणं मला आता कुणाबरोबर येणार?

काकांबरोबरची तुझी जुगलबंदी मी गावात अजून सांगते. बैलाची पट्टी बदलायला आले होते आणि व्हरांड्यात बसून बडबडत होते, "इद्यापीठाचं नाव बदलून काय कुनाचं पोट भरनार हाय का?" तू आतून म्हणालीस, "न्हाई भरणार, काका. मग तुमी एवढे कामून तापायलात?" काकांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग मला म्हणाले, "पोरगी फटकळ हाय." पण बैलाच्या जखमेवर काय लावायचं ते डॉक्टरांना सोडून तुलाच विचारत होते.

काविळीनं तुला नेलं. दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे झालेले, आणि तुझ्या मावशीनं कावीळ उतरवणारा बाबा आणून उभा केला, तांब्याची परात घेऊन. तू उशीवरून मान उचलून म्हणालीस, "बाबा, माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचता येतो का? येत असंल तर बसा." तो बिचारा परात घेऊन पळाला. मला वाटलं, जी बाई एवढी भांडती तिला काय होतंय.

मग मला जवळ बोलावलंस. मी म्हटलं, आता काहीतरी हळवं बोलशील. तू म्हणालीस, "फ्रीजरची वीज गेली तर बर्फ ठेवशील ना?" मी हो म्हटलं. "आणि तू शेडमध्ये गेलीस तर माझ्याशी गाठ आहे." मी म्हटलं, "आधी बरी हो, मग भांडू." हेच आपलं शेवटचं बोलणं. तुझ्याशी भांडायला मिळावं म्हणून मी सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये यायची, हे सांगायचं राहून गेलं. तू मला आवडायचीस, सुजाता. लय आवडायचीस. हे वाक्य आपल्या दोघींच्या बोलण्यात कुठं बसलंच नाही.

पुण्यानुमोदनाच्या विधीला तुझ्या घरी चुडाव्याला गेले. तुझ्या आईनं मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाली, "म्या तिला म्हनायची, बाई, डागदर झालीस तर मानसाची तरी व्हायचीस. ही सशाचं रगत काढीत बसली. कुनाला सांगावं तरी काय?" मी सांगायचा प्रयत्न केला. ते औषध नाही मावशी, ते रोगाला ओळखतं, लपून बसलेल्या रोगालासुद्धा. आईनं विचार केला. "म्हंजी तिच्यावानीच हाय म्हन की. समद्याचं खोटं उघडं पाडायचं." मग हळूच विचारलं, "आता ते फेकनार म्हनं?" कुणी सांगितलं होतं देव जाणे. मी नाही म्हटलं. तिनं माझा हात दाबून धरला. "फेकू देऊ नको गं."

मग मात्र माझं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीजरला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि सरांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आधी मी निरोगी शिंगं लावते. त्यांत रेघ आली तर सगळ्या बाटल्या मी माझ्या हातानं मोरीत ओतीन. नाही आली तर त्यांना हात लावायचा नाही." सर म्हणाले, "लसी येईपर्यंत काय करायचं ते करा." म्हणजे बघ, एका ताटलीवर तुझं सगळं आयुष्य लावून मी बाहेर आले. सीरम चोखच आहे, असं तुझं मत होतं. माझी अजून खात्री नव्हती.

आणि मी शेडमध्ये गेले. तू नको म्हणालेली असताना गेले. घाल शिव्या.

पहिला बैल म्हातारा, कुठल्याशा अपघातात मेलेला. माशा एवढ्या की कानात आवाज मावत नव्हता. करवत घसरली, पहिल्यांदा शिंगाऐवजी माझ्या अंगठ्यालाच लागली. शिंगाचा जळका वास नाकातून घशात उतरतो, ते कुणी पुस्तकात लिहीत नाही. लिंबाच्या झाडामागं जाऊन ओकले, तोंड धुतलं, परत आले. गाभा निघाला तेव्हा हात कोपरापर्यंत माखले होते. मग जसजशी जनावरं येत गेली तसतशी जात राहिले.

वालूरला बातमी पोचायला कितीसा वेळ. काका थेट शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले, धोतराचा सोगा नाकाला लावून.

"काय ऐकायलोय मी? आपल्या घरची लेक मेलेली ढोरं फाडायली म्हनं?"

"हो."

"हे आपलं काम हाय का?"

मी करवत खाली ठेवली. म्हटलं, "मग कुणाचं आहे, काका? नाव सांगा. तुमच्याच तोंडून ऐकू द्या."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मी त्यांचा शब्द ऐकायला थांबले होते, अगदी मनापासून थांबले होते, कारण त्यांनी तो उच्चारला असता तर मी परत वालूरचं तोंड पाहिलं नसतं. त्यांनी उच्चारला नाही. "लगनाला येशील तवा आंघूळ करून ये," म्हणून निघून गेले. चुलतभावाचं लग्न होतं. मी गेले. आंघोळ रोजच करते.

ताटली लावली. एका भोकात आजारी शिंगाचा अर्क, बाकीच्यांत त्या मेलेल्या, पण रोग न झालेल्या बैलांचा. मधे तुझं सीरम. सकाळी झाकण उघडलं. आजारी शिंगासमोर रेघ, ठसठशीत, खडूनं ओढावी तशी. बाकीच्यांसमोर कोरं. उजेडात धरलं, भिंगाखाली धरलं, काळ्या कागदावर ठेवलं. कोरं. एकालाही धरलं नव्हतं त्यानं. सीरम चोख होतं. मी एमेस्सीच्या पोरांसमोर ढसाढसा रडले आणि त्यांना वाटलं प्रयोग फसला.

दुसऱ्या शिंगाचं मात्र मी अजून मान्य केलेलं नाही, हे लक्षात ठेव. रोगाची सुरुवात असंल, नाहीतर रक्तातून आलेलं असंल. तुझंच बरोबर ठरायची शक्यता आता वाढली आहे, एवढं म्हणते. त्याच्या पुढं एक शब्द नाही. ते शोधायला पुढची कितीतरी वर्षं हे सीरम थेंबाथेंबानं लागणार आहे.

सरांनी ताटली खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली. "हं," म्हणाले. "बरं दिसतंय."

"बाटल्या?"

"राहू द्या." मग ताटली खाली ठेवत म्हणाले, "पण अजून बरीच शिंगं लागतील. तुम्हीच आणत जा, शकुंतलाबाई. तुम्हाला आता सवय झालीच आहे."

सुजाता, ऐकलंस? एकदा करवत धरली की ती हातातच राहते, असं तू सांगत होतीस, आणि मी तुला हट्टी म्हणत होते. वालूरच्या बाईसाहेबांना हे ऐकावं लागलं, तर तू गेली असतीस तर तुला काय काय ऐकावं लागलं असतं? मला तिथं उभ्या उभ्या हसू आलं, आणि हसताना एवढा संताप आला की कान तापले. मी शेडमध्ये गेले, करवत धुतली, पुसली आणि आणून सरांच्या टेबलावर ठेवली, फायलींवरच. फळ्यावर विभागातल्या सगळ्यांची नावं लिहिली.

"उद्या सकाळी आठला, सर. पहिली पाळी तुमची."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर शिंग सडेल, ताटली लागणार नाही. का लागली नाही असं कुणी विचारलं तर मी सांगीन. आणि कुणी नाही विचारलं तरी सांगीन."

सकाळी आठला शेडमध्ये बैल येऊन पडला होता. मी बाहेर दगडावर बसले. आत जायचं नाही, हात लावायचा नाही, असं ठरवून बसले, आणि ऊन चढत होतं, आणि माझा जीव त्या शिंगात अडकलेला. तू कशी काढलीस गं एवढी वर्षं अशी बसून? शिपाई निरोप घेऊन आला, "सर म्हनले, आजच्या दिवस तुमीच करून घ्या."

मी म्हटलं, "सरांना सांग, बैल थांबलाय."

तोवर पोरं जमली होती. कॉलेजात बातमी फुटली होती, आणि मी ती फुटू नये म्हणून काही खास प्रयत्न केले नव्हते. सर आले ते पोरांमुळं आले. पश्चात्ताप वगैरे काही नाही, तसलं खोटं मी तुला सांगणार नाही. पँट दुमडली, करवत घेतली, उलटी धरली. मी थोडा वेळ बघत राहिले. मग सरळ धरायला सांगितलं, कारण गाभा चुरला असता तर नुकसान तुझं होतं. शिंग निघेपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. दोनदा बाहेर जाऊन आले. कुणी हसलं नाही, मीही नाही. तुकडा बर्फात ठेवला आणि लॅबमध्ये येऊन फळ्यावर त्यांच्या नावापुढं खूण केली.

विभागाचा क्लार्क शेजारी येऊन नावं वाचायला लागला. उद्या त्याची पाळी आहे, परवा माझी. वरून खालपर्यंत वाचून तो म्हणाला, "बाई, सुजाताबाई गेल्या म्हणून त्यांचं नाव पुसलंत का?"

मी म्हटलं, "पुसलं नाही. लिहिलंच नव्हतं. त्यांची पाळी कधीच नव्हती."